पुढची गाडी

शोरूममधला पोरगा, लांजेवारांचा निशांत,
म्हणाला, काका, बॅटरीची आठ वर्षं काळजीच नाही.
मी एकाहत्तरात आठ मिळवले.
बोटं पँटच्या खिशात होती,
मोजताना कुणाला दिसली नाहीत.

पहिली स्कूटर नंबर लावून सहा वर्षांनी आली.
तेव्हा वाट बघण्याची वर्षं
आयुष्यात धरत नसू.

गाडी घरी आणली. प्रभानं चाकाखाली लिंबू ठेवलं.
लिंबू फुटलं, तेवढाच आवाज.
"चालू आहे न ही?"

रात्री पोर्चमध्ये वायर लावली.
हिरवा ठिपका, मिणमिण.
एकतीस वर्षं कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये
काट्यांवर डोळे ठेवून रात्रपाळ्या काढल्या,
सकाळी दाराबाहेर शर्ट झटकून मगच आत.
एवढी वीज जाते कुठं, कधी पाहिलं नव्हतं.
आता माझ्याच दारात,
घोट घोट.
तिकडं आज कुणाचा तरी शर्ट राखेनं भरत असेल.
निशांतनं ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मे महिना, मानकापूरचा सिग्नल, सेहेचाळीस अंश.
एसी फुल, आणि समोरचा आकडा उतरतोय:
दोनशे चार. दोनशे तीन.
प्रभा काचेला हात लावून म्हणाली,
"राखाडी रंग फार तापतो, अहो.
पुढची घेऊ ती पांढरी घेऊ."

पुढची.

सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न कोकलत होते.
मी म्हटलं, हो,
पांढरीच.