नाते या रकान्यात

डॉकयार्ड रोडच्या बँकेत
परदेशी पैशांची खिडकी एकच,
आणि तिच्यामागे शेट्ये.
वर्षातून एकदा मी जाते. तो चष्मा पुसतो.
आलात? पुन्हा साडेपाच हजार?
पाठवणावळीचा आकडा सांगताना
दरवर्षी माझ्याआधी त्यालाच वाईट वाटतं.

साडेपाच हजार म्हणजे फॉल-बिडिंग.
दर सातव्या साडीचे पैसे चहाच्या डब्यात.
डबा मोंबासाचा, झाकणावर हत्ती,
सोंड गंजून गेलेली.
सातवी साडी कधी कांजीवरम,
कधी खालच्या जमनाबाईची नायलॉनची.
कधी लबाडी सुचते: ही सहावीच धरू या.
म्हणून भिंतीवर खडूने रेघा मारते.

बाबा बोटीवर तेलवाले होते.
सत्याहत्तर साली डोळे पिवळे झाले
आणि बोट त्यांना धक्क्यावर उतरवून
पुढे निघून गेली.
इस्पितळाच्या कुंपणापलीकडे पोरक्या मुलांचं घर.
भाषा कुणाची कुणाला कळेना.
एक मुलगा रोज तारांमधून
उसाचं एक कांडं आत सरकवायचा.
काविळीला ऊस चांगला, हे त्याला कुणी सांगितलं असेल?
अकरा दिवस, अकरा कांडी,
बाबा सांगायचे. बाराव्या दिवशी
त्यांना दुसऱ्या बोटीवर चढवलं.
त्याचं नाव विचारायचं राहिलं, एवढंच म्हणत
आणि पगार झाला की मनीऑर्डरीसारखं काहीतरी करत,
कुणा खलाशाच्या हातून, पाकिटातून, जमेल तसं.
पोचलं किती, बुडालं किती,
हिशेब नाही.

शेजारच्या विद्युल्लताकाकू म्हणतात,
मानखुर्दला काय कमी पोरं आहेत गं?
नाहीत कमी. त्यांचं खरंच आहे.
मी म्हटलं, तुमच्या साड्यांचे सगळे पैसे
मानखुर्दला देते, काकू.
त्या दिवशी त्यांनी फॉलमागे
वीस रुपये कमी करून घेतले.

तिकडून पत्र येतं.
साबण अठ्ठेचाळीस वड्या, पंपाचा वायसर,
दोन पोती मका, एका दाताचं औषध.
माझे पैसे यातल्या कशाचे, कोण जाणे.
बहुतेक वायसरचे.
तीन वर्षांपूर्वी पत्रात एक कागद होता,
पेन्सिलने गिरवलेलं पाऊल.
खाली लिहिलेलं: म्बेयू, वय सहा, हिचे बूट घेतले.
मी टेप लावली. सवयच ती.
सात इंच.
अंगठ्याशेजारचं बोट लांब.
आमच्याकडे म्हणतात, अशी मुलगी
नवऱ्याला धाकात ठेवते.
एकटीच हसले, मशीन थांबवून.
पुढच्या वर्षी साडेसात.
त्याच्या पुढच्या वर्षी आठाला दोन दोरे कमी.
तिचा चेहरा मी पाहिलेला नाही.

यंदा शेट्ये अडला.
नवा फॉर्म आलाय, म्हणाला,
लाभार्थीशी नाते. रिकामं चालत नाही.
मी म्हटलं, ऊस.
त्याने वर पाहिलं.
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
मग तो यादी वाचू लागला, हळू,
जणू मला एखादं आठवेल म्हणून.
आई. वडील. पती. मुलगा. मुलगी.
मुलगी म्हणताना जरासा थांबला.
मी मान हलवली, खोटं कशाला.
भाऊ. बहीण. इतर.
इतर करतो, म्हणाला.
यंत्राला ते पटलं.

शिक्क्याची पावती घेतली
आणि पर्समधलं यंदाचं पत्र
बँकेच्या बाकावरच पुन्हा उघडलं.
म्बेयूला मावशी गावी घेऊन गेली, लिहिलंय,
बूट पायात होते.
सोबत दुसराच कागद.
काटाना, वय पाच.
टाचेपासून रेघ नीट निघालीये,
तळव्याच्या बाजूला मात्र वाकडी, तुटलेली,
पुन्हा सुरू केलेली, पुन्हा सुटलेली.
याचं माप घेता येत नाही.

गुदगुल्या झाल्या असणार.