नऊ मिनिटांची आजी

कुताइसीत, दर मंगळवारी, नदीकडच्या खोलीत
मी एक हेडफोन मांडते, एक कोरा कागद, एक पेन्सिल.
बाहेर बाकावर सहा जण बसलेले असतात:
कोणी बँकेतून कमी केलेला,
कोणी नवरीचे केस रचणारी,
एकदा तर चर्चमध्ये खर्जात गाणारा एक धिप्पाड.
आपत्कालीन फोनवर बसायचं असेल
तर आधी नऊ मिनिटं माझ्यासमोर बसावं लागतं.

फोन वाजतो. पलीकडे एक म्हातारी.
छातीत दुखतंय, लेक परदेशी, कुत्रा भुंकतोय,
आणि पत्ता: अक्रोडांची गल्ली, घर एकवीस.

तिचे सतरा तुकडे माझ्या बोटांखाली आहेत.
मजला विचारलात, तर पाचवा.
दार उघडं आहे का, तर नववा.
काहीच विचारलं नाहीत, तर चौदावा,
त्यात नुसता कुत्रा आहे.

पूर्वी असं काही नव्हतं.
आमचे गोचासाहेब माणूस डोळ्यांत वाचायचे.
हात हातात घ्यायचे, बापाचं गाव विचारायचे,
ग्लास पुढे सरकवायचे, झाली नेमणूक.
तसाच त्यांनी भाचा नेमला, तेंगिझ.
आवाज असा, की जखमेवर मध.
त्या रात्री त्यानं त्याच आवाजात गाडी पाठवली
अक्रोडांच्या गल्लीत.
अक्रोडांच्या गल्ल्या आमच्या शहरात दोन आहेत.
एक वरची, टेकडीवर. एक खालची, काचकारखान्यामागं.

त्यानंतर गोचासाहेबांनी कुणाच्या डोळ्यांत पाहिलेलं
मला आठवत नाही.

परीक्षा त्सिआलानं रचली. सव्वीस वर्षं खुर्ची क्रमांक चार.
शितावरून भाताची परीक्षा, पण शीत नीट निवडायला हवं, म्हणाली.
म्हातारी तिनंच वठवली, सामानाच्या खोलीत,
टांगलेल्या कोटांत तोंड खुपसून,
आवाज घुमू नये म्हणून.
कुत्रा शेजाऱ्यांचा.
सतराव्या तुकड्यात ती हसते:
"मेले का गं मी नीट?"
तो मी कुणाला लावत नाही.
फेब्रुवारीत ती खरंच गेली, झोपेत, फोन न करता.

आता दर मंगळवारी सहा वेळा तिला कळ येते
आणि मी गुण देते.
गोड बोलणारे चारदा म्हणतात, घाबरू नका आजी,
आणि मजला विसरतात.
ती केसवाली, लामारा, आली
च्युइंगम चघळत, माझ्याकडे न बघता.
दारातूनच परत पाठवली असती मी, शपथेवर सांगते.
तिनं आजीला वाक्य पुरं करू दिलं नाही.
"वरची की खालची?"
चौऱ्याण्णव गुण.
माझा अंदाज तीसचा होता,
समासात लिहून ठेवला होता; खोडलेला नाही.

खर्जातला तो धिप्पाड, बेसारिऑन,
एकाहत्तरावर, अगदी काठावर बसला. सत्तर लागतात.
हेडफोन काढला, मानेवरचा घाम पुसला, उठला,
दारापाशी वळला:
"आजी वाचली का?"

हा प्रश्न आमच्या नियमावलीत आहे.
उत्तर: पुढच्याला आत पाठवा.
कारण त्या खुर्चीवर शेवट कळत नसतो कुणालाच,
आणि तो विचारणारे वर्षभरात गळतात,
हेही आम्ही मोजलंय.
त्सिआला मात्र रोज सकाळी, पाळी संपली की
जिन्यात उभी राहून इस्पितळाला फोन लावायची.
सव्वीस वर्षं.
ती त्या मोजदादीत नाही;
तेव्हा आम्ही मोजत नव्हतो.

बोट सतराव्यावर होतं.
"पुढच्याला आत पाठवा," मी म्हणाले.
मग त्याचा कागद पुन्हा तपासला,
दोन गुण जास्त तर पडले नाहीत ना.
एकाहत्तरच होते.