समासात

पद्मिनी कुंभोजे यांची सगळी पुस्तकं
माझ्या बोटांतून गेलीत.
लक्ष्मीपुरीत, जिन्याखालच्या छापखान्यात,
आधी खिळे जुळवत, मग संगणकावर.
‘ळ’ची कळ दोनदा बदलली,
त्यातली एकदा त्यांच्याच पायी:
गूळ-अड्ड्यावरची चोरी, तीनशे पानं,
काळा गूळ, पिवळा गूळ, ढेपेतला खडा,
आणि चोर कोण ते शेवटच्या फर्म्यापर्यंत मला कळेना.
बायकोला सांगत बसलो, चहा उतू गेला.
ती म्हणाली, तोलाईदार.
तोच निघाला.

उद्यमनगरातल्या भट्टीवर लिहिलं तेव्हा
ओळी अशा आखूड, धग लागून तुटल्यागत.
लोखंड ओतताना कुणी बोलत नाही म्हणे.
मला वाटलं, बाई आता अशाच लिहिणार.
तर पुढच्या साली एक म्हैस!
गंगावेशीच्या कट्ट्यावर उभी राहून
दूध प्यायला आलेल्या पैलवानांची मापं काढणारी,
वाक्य पानभर संपेना,
स्वल्पविराम देता देता मला हसून ठसका.
दस्तगीर, आमचा बाईंडर, त्याला वाचायचा कंटाळा,
तोही फर्मे शिवताना थांबायचा.

मग ते एकशे दहा पानांचं.
एक मुलगी आईची नखं कापते. एवढंच.
स्टेडियमवरनं गोलाचा ओरडा येतो,
कोण जिंकलं, घरात कुणी विचारत नाही.
त्यात मी एकही चूक काढली नाही.
नीट दिसतच नव्हतं.

हे सगळं एकाच बाईचं?
बरीच वर्षं खूण शोधत होतो.
सापडली, असं वाटलं:
प्रत्येक पुस्तकात कुणीतरी शेजारणीचं भांडं परत करतं,
आणि रिकामं नाही.
भट्टीवाल्यात चार लिंबं, म्हशीच्यात खरवस,
तोलाईदाराच्या घरनंसुद्धा मूठभर शेंगा.
कुणाला बोललो नाही. माझ्यापाशी ठेवलं.

परवा नव्या कादंबरीचं प्रूफ काढलं.
पान एकोणऐंशी: डबा परत येतो.
घासलेला, पुसलेला,
आत काही नाही.
पेन्सिलीनं समासात लिहिलं,
‘बाई, इथं काही राहिलंय का?’

प्रूफ परत आलं. बाकीच्या दुरुस्त्या मान्य.
माझ्या प्रश्नाखाली त्यांचं तिरकं अक्षर:
‘नाही. दिसलं व्हय तुम्हाला?’

दस्तगीर विचारतोय, फर्मा कधी देता.
मी एक पान मागं जातो.
अजून एक.