अठ्ठेचाळीस तास

इल्पो कास्किनेन बोलायचा कमी,
हनुवटीनं दाखवायचा जास्त.
राउमाच्या गोदीत, फेब्रुवारीत, सकाळी सहाला
ग्राइंडर माझ्या हातात द्यायचा,
आणि हनुवटी: तिथून, तिथपर्यंत.

तिथून तिथपर्यंत म्हणजे अकरा मीटर.
बर्फ फोडणाऱ्या जहाजाचं नाक,
साठ मिलिमीटर जाड पोलाद,
दोन प्लेटांच्या कडा तिरक्या उतरलेल्या
आणि तळाशी बारीकशी फट.
एक नाणं उभं जाईल, दोन जाणार नाहीत.

गॅसनं कापलेली कड दिसायला गुळगुळीत.
बोट फिरव, म्हणाला. हातमोजा काढून.
बोटाला लागले ओरखडे, कंगव्याच्या दातांसारखे,
आणि एका जागी खळगा, जवाचा दाणा मावेल एवढा.
"ह्यात काय राहतं?"
"जे काढलं नाही ते."

मग तो निळसर करडा पापुद्रा,
भट्टीतून निघतानाच पोलादाच्या अंगावर आलेला.
गंज बिचारा लाल असतो, लपत नाही.
हा मात्र पोलादासारखाच चकाकतो,
पोलाद म्हणूनच खपतो.
तो खरवडायचा, खाचेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं,
खालचा पांढरा धातू उघडा पडेपर्यंत.
ठिणग्या बाहीवर येऊन विझायच्या.
दुपारी नाक शिंकरलं की रुमाल काळा.

एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर
मी उघड्या हातानं कड चाचपली.
लोणी लावलेला पाव खाल्ला होता.
तो रागावला नाही.
बॅटरीचा झोत तिरका धरून दाखवला
माझाच अंगठा, रेघांसकट,
पोलादावर उमटलेला.
अ‍ॅसिटोनची बाटली ठेवली आणि निघून गेला.
मी अंगठा पुसला.
मग शेजारची वीतभर जागा.
मग सगळे अकरा मीटर.

शेवटी ज्योत. उणे चौदात रात्र काढलेलं पोलाद
आगीचा पहिला हात लागताच ओलं होतं.
आतलं पाणी निघतंय, मी शहाणपणा केला.
"पोलादात कुठलं पाणी? ज्योतीचाच घाम तो,
थंड अंगावर बसलाय.
उडेपर्यंत थांब. मग अजून थांब."
मेणखडूची रेघ ओढायची:
विरघळली तर एकशेवीस अंश झाले,
नाही विरघळली तर आपलीच घाई झाली.

मग तुइया येते, हेल्मेट खाली ओढते.
एकावर एक बावीस थर.
आमची खाच, आमचा उतार, आमची पुसापुशी
पहिल्या तीन-चार थरांतच गाडली जाते.
सांध्याशेजारी ती आपला क्रमांक ठोकते, एक्केचाळीस.
आम्हाला क्रमांक नाही.
तुला कधी वाटलं नाही का रे, मी विचारलं.
इल्पोनं खिशातून फडकं काढलं,
हुंगलं, परत ठेवलं.

जाड पोलादाला तडा लगेच जात नाही.
ओल राहिली, तेल राहिलं,
की ते आत दबा धरून बसतं दिवस-दीड दिवस.
सगळं गार झाल्यावर, सगळे घरी गेल्यावर
टिचकी मारल्यासारखा आवाज होतो म्हणतात.
म्हणून तपासनीस अठ्ठेचाळीस तास थांबतो.

इल्पोचा शेवटचा सांधा शुक्रवारी भरून झाला.
केक कापला, कुणीतरी घड्याळ दिलं,
त्यानं लॉकरमधला कॉफीचा मग
वर्तमानपत्रात गुंडाळून नेला.
शनिवार. रविवार.
रात्री मी पडल्या पडल्या कान देऊन होते, उगाच;
गोदी माझ्या घरापासून नऊ किलोमीटर.
सोमवारी तपासनिसानं यंत्र फिरवलं, तिथून तिथपर्यंत,
आणि कागदावर लिहिलं: दोष नाही.

मी फोन केला.
सांधा स्वच्छ निघाला, म्हटलं.
"कुठला?"
मागून खर्र खर्र ऐकू येत होतं.
शेडमध्ये होडी उलटी टाकली असणार,
जुना रंग काढत असणार.
"थांब," म्हणाला, "एवढी कड होऊ दे."

मी फोन कानाला धरून उभी राहिले.