तिसरा अल्बम

रबाळ्याच्या गाळ्यात, पावडर कोटिंगच्या भट्टीमागे
भूपेशने यंदा ड्रमचा वेग निम्म्यावर आणला.
पहिल्या अल्बमात आम्ही नुसते धावलो होतो,
तोंडाला चुना, काजळ, मनगटावर खिळे,
आणि सैतानाला हाका,
त्याही नॉर्वेकडच्या उच्चारात.

आता गिटार खाडीसारखी ओसरते.
खालचा चिखल उघडा पडतो, पडू दिला.
शेजारचा कॉम्प्रेसर चौथ्या गाण्यात शिरला;
काढला नाही.

जयेंद्रची किंकाळी मात्र बसेना.
मग घणसोलीच्या आत्याचा धवला त्याने धरला,
हळदीचाच,
पण पार तळातून, खरवडून.

आत्याने हेडफोन काढला, पदर सारखा केला.
"सूर बरा हाय.
पन हलद कोनाची?"

भूपेशचं रेकॉर्डिंग चालूच होतं.