वशिंड

मे महिन्यात दुपारी आम्ही बोगदा चालवत नाही.
छेचाळीस अंशांत हवा पातळ होते,
आकडे दगा देतात.
म्हणून पहाटे साडेचारला,
हिंगणा रोडवर तर्रीला पहिली उकळी यायच्या आत,
मी शटर वर ढकलते
आणि रात्रभर कोंडलेली हवा
ओळख न दाखवता माझ्या शेजारून बाहेर पडते.

विमान सागवानाचं, दोन हात रुंद.
पोट कुठे संपतं, पंख कुठे लागतो,
विचारायची सोय नाही.
झिलपेकाकांनी कोरलं.
महालात त्यांचं दुकान, तान्ह्या पोळ्याचे बैल करतात,
चाकांवरचे, पोरांनी दोरीने ओढायचे.
पंखाचा मागचा काठ त्यांनी इतका बारीक आणला
की तो बोटाला कळतो, डोळ्याला नाही.

इंजिन मात्र पाठीवर, पार मागे.
ते बघून म्हणाले,
“वशिंड मांगं रायते काय जी?”

आम्ही हसलो.
मग वर्षभर तोच प्रश्न
मिलिमीटरमध्ये विचारत राहिलो.

पुढे सरकवलं तर
पाठीवरून सुसाट निघालेल्या हवेच्या वाटेत खुंटा रोवल्यासारखं.
उंच खांबावर चढवलं तर जोर वरून लागतो,
नाक जमीन हुंगायला जातं.
मागे, पाठीला चिकटून ठेवलं तर
लाकडाला घासत घासत आलेली
दमलेली हवा थेट तोंडात.
दमलेली हवा गिळणं वाईटच असं नाही,
कागदावर इंधन वाचतं.
पण ती सगळी सारखी दमलेली नसते,
एका बाजूला धाप, दुसरीकडे अजून दम,
आणि पात्यांना हा भेदभाव सोसत नाही.

रुमानाने जुना स्वेटर उसवला.
नागपुरात तो दोनच महिने लागतो,
उरलेले दहा महिने आमचा.
तीनशे बारा धागे, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढा,
पाठीवर रांगेत चिकटवलेले.
आठ अंशांपर्यंत सगळे शहाण्यासारखे मागे वळून झोपलेले.
दहाला इंजिनाच्या तोंडाशी कुजबुज.
बाराला मधली ओळ उठली
आणि उलटी, पुढे तोंड करून फडफडू लागली.

असं एकवीस वेळा.

बाविसाव्या दिवशी बाराला काही झालं नाही.
तेराला नाही. रुमानाने माझा दंड धरला.
चौदाला एकच धागा उठला, कडेचा,
आणि परत निजला.
बोगदा बंद करून आम्ही टॉर्च मारला:
इंजिनाखाली एक पाचर.
सागवानाची, चार मिलिमीटर,
पुढून किंचित उतरती.

काकांना फोन लावला.
“हालत होतं ना थे, म्हून ठोकली.
काढू काय?”

अहवालात लिहिलंय:
इंजिनाची उंची चार मिलिमीटरने वाढवली,
कल दीड अंशाने बदलला.
पाचर हा शब्द मी दोनदा टाइप केला.
दोनदा सरांनी खोडला.

पोळा झाला. काकांकडे एक बैल उरला,
मुद्दाम केलेला, वशिंड शेपटीजवळ.
एकाही पोराने तो घेतला नाही.
आता माझ्या टेबलावर असतो,
कूलरसमोर,
कागद उडू नयेत म्हणून.