बास : अज्ञात

पोस्टानं खोकं आलं, विटेएवढं जड.
सात तबकड्या, एक पुस्तिका,
झाकणावर व्हर्डेल, डोळे मिटलेली,
मानेवर घामाची ती रेघ
जी मी तीन फुटांवरून पाहिलीय, डाव्या बाजूनं.
'व्हर्डेल स्टोक्स : समग्र.'
समग्र म्हणे.

चष्मा बदलून पुस्तिका वाचली.
कुण्या प्राध्यापकानं मन लावून लिहिलंय,
तिच्या आवाजात पोलादाच्या भट्ट्यांचा धूर आहे, वगैरे.
धूर सगळ्यांच्याच आवाजात होता हो.
पिट्सबर्गला तेव्हा भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावत.
आमचा बर्फवालाही त्याच आवाजात ओरडायचा,
त्याचं समग्र कुणी काढलं नाही.

मग पहिल्या तबकडीची यादी.
पियानो, ड्रम, सॅक्सोफोन, सगळ्यांची नावं,
सॅक्सवाल्याच्या आईचं गावसुद्धा.
आणि त्याखाली
बास : अज्ञात.

हसलो. मग थोडा वेळ खुर्चीत बसून राहिलो.

बासचं असंच असतं.
वाजतो तोवर कुणाला ऐकू येत नाही,
थांबला की माणसं वर बघतात,
दिवे गेले की काय म्हणून.

पुतणीचा मुलगा लॅमॉन्ट यंत्र जोडून गेला.
म्हणाला, सगळी खरखर काढून टाकलीय आजोबा,
काचेसारखं स्वच्छ केलंय.
केलंय खरं.
सेंटर अव्हेन्यूवरच्या त्या माडीवर
रेडिएटर ठोकल्यासारखा वाजायचा.
व्हर्डेल त्याला मिस्टर पिटमन म्हणायची.
'मिस्टर पिटमन आज घाईत दिसतात,'
आणि त्याच्या ठोक्याच्या अर्धा श्वास मागे
शब्द ठेवायची,
निजलेल्या पोराशेजारून हात काढून घ्यावा तसा.
आता मिस्टर पिटमन नाहीत.
ती अजून मागे रेंगाळते आहे,
कुणाच्या मागे ते कळत नाही.

तिसरी आणि चौथी लावलीच नाही.
ती न्यूयॉर्कची वर्षं. चाळीस व्हायोलिनं,
आणि एक नवरा, पुस्तिकेत ज्याला नुसतं 'व्यवस्थापक' म्हटलंय.
मी तेव्हा भट्टीवर रात्रपाळी करत होतो.
वाद्य मावशीच्या पलंगामागे भिंतीला टेकून उभं,
रुसून न जेवता बसलेल्या पाहुण्यासारखं.

पाचवी, परतली तेव्हाची.
आवाज एक मजला खाली उतरलेला.
वरच्या सुरावर पूर्वी झेप घ्यायची,
आता तिकडे नुसतं बोट दाखवते
आणि आपणच जाऊन येतो.
प्राध्यापक याला उतरती कळा म्हणतो.
पोराचं वय काय असेल?

सातवीच्या शेवटी, गाणं संपल्यावर,
कुणी टेप बंद करायची विसरलं असणार.
सोळा सेकंद.
खुर्ची सरकते. काडी ओढल्याचा आवाज.
मग ती, गाण्याच्या नव्हे, स्वयंपाकघरातल्या आवाजात :
'लूशियस, गाडीचे दिवे मालवलेस का रे?'
आणि लांबून एक माणूस,
माझ्याहून तीस-बत्तीस वर्षांनी लहान :
'बघून येतो.'

पुन्हा लावलं. पुन्हा.
बघून येतो.
दाराकडे जाणारी पावलं मोजता येतात,
जड, सारख्या अंतराची,
आणि चौथ्या पावलावर टेप संपते.

खाली पोचलो तोवर बॅटरी बसली होती.
बर्फातून दोघांनी गाडी ढकलली, चढ संपेपर्यंत,
ती उंच टाचांत, शिव्या घालत,
आणि शिव्यासुद्धा ठेक्याच्या जराशा मागे.
हे कुठल्याच तबकडीवर नाही.

पेन काढलं. 'अज्ञात' खोडणार होतो.
पण बोटांवरचे घट्टे केव्हाच गेलेत,
कातडी तान्ह्या मुलाची,
पेन धरवेना. राहू दिलं.
सातव्या तबकडीच्या पानावर तेवढं, समासात,
वाकड्या अक्षरांत लिहिलं :
पावलं : लूशियस टॉलिव्हर.